शिरगावाहून मुक्कामास : रथ की खटारा?

बदलापूर या नावाविषयी आमच्या भागात एक आख्यायिका सांगतात. शिवकाळी दूरच्या मजला मारणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, म्हणून हे बदलापूर. आख्यायिका ती आख्यायिकाच. तथापि या स्थळाचा स्वभाव तीत चांगला उतरला आहे. एका अंगास उल्हास नदी, दुसऱ्या अंगास माथेरान-चंदेरीची डोंगररांग, आणि पुढे मुरबाडवरून घाटमाथ्याकडे जाणारी वाट, अशा ठिकाणी राहणाऱ्यास पुढच्या वाटेला कोणते वाहन योग्य, हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. घोडे गेले, रेल्वे आली, मोटारी आल्या. प्रश्न मात्र राहिला.

आमचे शिरगाव बदलापूरच्या पूर्व भागात मोडते. भातखाचरांच्या जागी आता उंच इमारती झाल्या असल्या तरी पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर चंदेरीचा सुळका धुऊन निघाला, की येथील तरुण मंडळींचे पाय घरात ठरत नाहीत. केवळ डोंगर चढून संध्याकाळी परतण्यात त्यांचे समाधान नाही. तंबू ठोकावा, चूल पेटवावी, चांदण्यात रात्र काढावी, असा हल्लीचा परिपाठ आहे, आणि तो वाईट आहे असे आमच्याने म्हणवत नाही. मात्र त्यासाठी कोणती गाडी घ्यावी, यावरून आमच्या एकत्र कुटुंबात गेल्या वर्षी जो वाद रंगला, तो अनेक घरांत रंगत असेल. म्हणून त्याचा ऊहापोह येथे करीत आहे.

वादाचे स्वरूप असे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव आडवाटेवर चालणाऱ्या बंद एसयूव्हीचे अभिमानी; आमचे चिरंजीव पिकअपचे, म्हणजे पुढे माणसांची खोली व मागे सामानाची उघडी पेटी अशा गाडीचे. पैसा घरच्या सामाईक ठेवीतला, म्हणजे गाडी एकच यावयाची. आणि घरात शहाऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री. त्यांचे माहेर माळशेज घाटापलीकडे जुन्नर तालुक्यात. एस. टी.तून एवढा प्रवास आता त्यांस झेपत नाही. “एकदा हरिश्चंद्राच्या पायथ्याशी रात्र काढायची आहे,” एवढीच त्यांची इच्छा. तरुणांचा वाद चालू असता ही इच्छा कोणी फारशी हिशेबात धरीत नव्हते.

वस्तुतः हा वाद नवा नाही. वैदिक भाषेत रथ आणि अनस् असे दोन भिन्न शब्द आहेत. रथ हलका, वेगाचा, युद्धाचा व शर्यतीचा. अनस् म्हणजे ओझ्याचा गाडा. तो गाडा ओढतो म्हणून बैलास अनड्वान् हे नाव. आपल्या आजोबांच्या पिढीतही माणसांसाठी छपराची दमणी आणि धान्यासाठी खटारा हा भेद होताच. आजची एसयूव्ही ही दमणीची वंशज व पिकअप ही खटाऱ्याची, असे समजल्यास निम्मा घोळ मिटतो.

या प्रांताचा मोटारींशी संबंधही जुना आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या संस्थेने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. त्या जीपच्या कुळातली थार आज नाशिकला तयार होते. २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती आली, २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. त्याच जातीच्या गाड्यांत फोर्स कंपनीची गुरखा व मारुतीची जिम्नी मोडतात. पिकअपच्या पक्षात इसुझूची व्ही-क्रॉस व टोयोटाची हायलक्स या मुख्य. दोन्ही पक्षांच्या या गाड्या भक्कम सांगाड्यावर उभारलेल्या असून चारही चाकांना ताकद देण्याची व तीव्र चढावर सावकाश पण जोराने चालण्याची सोय दोहोंत मिळते. तेव्हा ‘कोणती गाडी खरी रांगडी’ या प्रश्नात अर्थ नाही. वाटेवर नेऊनच परीक्षा करावी.

चला तर, शिरगावच्या गल्लीपासूनच निघू. तीन दारांची थार व जिम्नी यांची लांबी चार मीटरांच्या किंचित आत भरते. हायलक्स व व्ही-क्रॉस सुमारे ५.३ मीटर. म्हणजे सव्वा मीटरांहून अधिक फरक. इमारतीच्या आवारात पाच मीटरांची चौकट आखलेली असेल, तर पिकअपचे शेपूट शेजाऱ्याच्या वाटेत येते, आणि मुक्काम वर्षातून दहा दिवस असला तरी शेजार तीनशे पासष्ट दिवसांचा असतो. पहिला गुण एसयूव्हीस.

रेल्वे ओलांडून पश्चिमेस यावे, उल्हास नदीवरून मूळगावच्या खंडोबाची टेकडी मागे टाकावी, आणि बारवी धरणाच्या रानातून मुरबाड गाठावे. हा रस्ता वळणांचा. येथे आखूड गाडी चपळाईने वळते. पुढे कल्याण-अहिल्यानगर महामार्ग लागला की लांब गाडी अधिक स्थिर चालते. परंतु माळशेजच्या ओल्या वळणांवर पिकअपचा एक स्वभाव ध्यानी ठेवला पाहिजे. तिच्या मागील धुऱ्यास बैलगाडीसारख्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात, त्या ओझ्यासाठीच घडविलेल्या. पेटी रिकामी असली तर मागचे अंग हलके राहते, खड्ड्यावर उसळते, आणि निसरड्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटण्याची भीती असते. ओझे बेताने व धुऱ्याच्या वर ठेवले की तीच गाडी शांत होते. खटारा भरलेलाच चांगला चालतो, हे आपले शेतकरी पूर्वीपासून जाणतात.

घाट चढून खुबी फाट्यावरून खिरेश्वरकडे वळले की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी, नागेश्वराचे जुने पाषाणमंदिर आणि समोर हरिश्चंद्रगडाचा प्रचंड उभार दिसतो. मुक्कामाची जागा म्हणून ही भूमी आम्हांस फार प्रिय. येथे डांबरी रस्ता सोडून मुरुमाच्या वाटेस लागले म्हणजे मापांचा खरा अर्थ कळतो. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर थारचे २.४५ मीटर, हायलक्सचे ३.०८ मीटर. शेताचा बांध ओलांडताना हे अंतर जितके मोठे तितके गाडीचे पोट टेकण्याचा संभव अधिक. तसेच मागचे चाक व शेपूट यांमधला कोन थारचा सुमारे ३६ अंश, हायलक्सचा सुमारे २६. ओढ्यातून वर चढताना लांब शेपूट दगडाला घासते. आडवाटेचा निर्णय येथे पुन्हा आखूड गाडीच्या बाजूने लागतो.

परंतु मुक्काम म्हणजे केवळ वाट नव्हे. तेथे बिऱ्हाड मांडावयाचे असते. सहा माणसांचा दोन दिवसांचा विचार करा. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोजचे चार लिटर पाणी धरले तरी अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो ओझे केवळ पाण्याचे. त्यावर तंबू, सतरंज्या, शेगडी, पातेली, शिधा आणि परतताना चिखलाने भरलेल्या ताडपत्र्या. चार माणसे बसल्यावर जिम्नीच्या मागे अवघी २०८ लिटर जागा उरते. तीन दारांच्या थारमध्ये तीही फारशी नाही. मग सामान टपावर चढते, गाडीचा भार उंचावतो आणि उतारावर ती कलंडण्याचे भय वाढते. पिकअपची पेटी हे सर्व निमूटपणे गिळते. ओले व धुरकट सामान माणसांपासून वेगळे राहते, हे सुख लहान नाही. मात्र पेटीस झाकण हवे, नाहीतर माळशेजच्या पावसात शिध्याची खिचडी वाटेतच शिजते. आणि त्या पेटीत माणसे बसविणे नियमास सोडून आहे व जिवास अपायकारक आहे, हे उत्साही मंडळींनी विसरू नये.

इतिहासाचा दाखला घ्यावयाचा तर शिवरायांची सडी फौज आणि पानिपतावरील बुणगे आठवावेत. पहिलीने थोड्या सामानावर मुलुख पालथा घातला. १७६१ मध्ये दुसऱ्यांचे ओझे लष्कराच्या गळ्यात पडले. गाडीत जागा आहे म्हणून सामान वाढविणारा मुक्कामकरी बुणग्यांचाच वारस होय. पिकअपचा हा गुप्त दोष आहे. ती रिकामी राहू देत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही गाड्या सारख्याच दुबळ्या, ते म्हणजे पाणी. थार साडेसहाशे मिलिमीटर व हायलक्स सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते, असे कंपन्या सांगतात. ते खरे असले तरी संथ पाण्याचे आहे. वाहत्या पाण्याची गोष्ट निराळी. एक फूट खोल वेगवान प्रवाह लहान मोटार हलवू शकतो आणि दोन फूट प्रवाह बहुतेक गाड्या वाहून नेतो, कारण पाणी गाडीला खालून उचलते व बाजूने ढकलते. उल्हासकाठच्या आम्हां मंडळींस हे शिकविण्याची गरज नसावी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर उतारूंना होड्यांतून काढावे लागले. जेथे आगगाडी थांबते तेथे चार चाकांनी शौर्य दाखवू नये. ओढा चढला तर अलीकडेच तंबू ठोकावा. पलीकडचा डोंगर उद्याही तेथेच असतो.

आता निर्णय. दोन्ही बाजूंचे गुणदोष ऐकून आम्ही घरात एकच प्रश्न विचारला: शेवटचा कोस कोणासाठी? वीस ठिकाणच्या मुक्कामांपैकी बहुतेक जागांस साधी मोटार जाते; चार चाकांची ताकद लागते ती शेवटच्या मैल-दीड मैलास. तो पल्ला तरुण माणूस पाठीवर पिशवी घेऊन आनंदाने चालेल. किंबहुना त्याने चालावेच. गाडी तेथवर न्यावयाची ती ज्यास चालवत नाही त्याच्यासाठी. वृद्ध, तान्हे मूल असलेली सून, गुडघे गेलेला आमच्यासारखा मास्तर, यांस पाण्याच्या काठापर्यंत सुखरूप पोहोचविणे, हेच आडवाटेच्या गाडीचे खरे कर्तव्य. उमेदवारांचे शौर्य हा त्या यंत्राचा दुय्यम उपयोग.

हे एकदा ठरल्यावर बाकीचे आपोआप सुटले. तीन दारांची गाडी बाद. पुढचे आसन वाकवून मागे शिरणे मातोश्रींस अशक्य. पिकअपचे मागचे बाक ताठ व चाल कठीण. तीही मागे पडली. पाच दारांची, मागच्या धुऱ्यास गुंडाळ्या स्प्रिंगा असलेली, चढण्यास पायरी व धरण्यास दांडा असलेली एसयूव्ही आम्ही पक्की केली. तिचे नाव सांगत नाही. जाहिरात हा या लेखाचा हेतू नव्हे. प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस दुकानी नेऊन तिला स्वतः चढता-उतरता येते की नाही हे पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.

पिकअपवाल्या चिरंजीवांचा हिरमोड झाला खरा, पण त्यांच्या म्हणण्यातले सत्य वाया गेले नाही. मोठ्या मुक्कामास सामान फार असते तेव्हा बदलापुरातून भाड्याचा मालवाहू टेम्पो सहज मिळतो. भाजी व दूध घेऊन याच आडगावांत त्यांची नित्य ये-जा असते. सामानाची गाडी भाड्याने मिळते. घरच्या वडीलधाऱ्यांची जागा भाड्याने मिळत नाही. ज्या घरात सारेच धडधाकट आहेत, माणसे चार-पाच आणि मुक्काम आठ-आठ दिवसांचे, त्यांनी मात्र पिकअपच घ्यावी. त्यांच्यासाठी तीच उत्तम.

रानात जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून पाल ठोकू नये व जाळ करू नये. आणि भाताच्या शेतातून चाक नेऊ नये. कोणाच्या तरी वर्षाच्या अन्नावरून ते जाते.

गीतेमुळे आपल्या घरोघरी रुळलेला ‘योगक्षेम’ हा शब्द मुळात प्रवासातला आहे, असे वेदांचे अभ्यासक सांगतात. योग म्हणजे बैल जुंपून पुढे निघणे. क्षेम म्हणजे सुखाने मुक्काम करणे. निघण्याचा विचार सारेच करतात. क्षेमाचा विचार करून जो गाडी निवडील त्याची निवड चुकावयाची नाही. मार्गशीर्षात आमची मंडळी खिरेश्वरास जाऊन आली. मातोश्रींनी पहाटे तंबूचा पडदा बाजूस केला, गडाकडे हात जोडले आणि प्रथम चहा मागितला.