बाबांची गोष्ट

बाबांच्या वर्षश्राद्धाची संध्याकाळ. नातीला गोष्ट सांगणारे बाबा माझ्या फोनमध्ये होते. पण एवढ्याशा पडद्यावर आईला नीट दिसेना. लेकीने फोनवर बोट टेकवले अन् वायरीवाचून, घरातल्या वाय-फायवरून बाबा टीव्हीवर आले. आई पदर सावरून बसली.

तेवढ्यात चित्र अडखळले. आत मायक्रोवेव्हमध्ये दूध तापत होते. आमचे वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ओव्हनच्या लहरीही साधारण त्याच पट्ट्यातल्या. थोड्या बाहेर झिरपल्या तरी अडथळा येतो.

"दूध राहू दे गं," आई म्हणाली, "आधी ह्यांचं बोलणं पुरं होऊ दे."

मी ओव्हन बंद केला. वर्षभर ती गोष्ट मी एकटीच ऐकत होते, आई शेजारच्या खोलीत असताना!