निदान

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एक सहकारी तास घेताना फळ्याजवळ अडखळला. सकाळपासून त्याला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या, पाऊल ठरत नव्हते, जीभ जड झाली होती. आम्ही दोघांनी त्याला स्टाफरूममध्ये बसवले आणि, लिहितानाही लाज वाटते, त्याच्या तोंडाला वास येतो का ते पाहिले. येत नव्हता. तरीही 'रात्रीची असेल' असे एकमेकांना नजरेनेच सांगून आम्ही त्याला रिक्षाने घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्याला जागे ठेवणे कठीण झाले, तेव्हा रुग्णालय गाठावे लागले. मेंदूचा एमआरआय निर्दोष आला. आम्ही निर्धास्त झालो. डॉक्टरबाई झाल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डोळ्यांची हालचाल तपासली. बुबुळे जागची हलत नव्हती. मग त्यांनी मद्याविषयी सरळ विचारले. दीर्घ मद्यपानाने ब-१ जीवनसत्त्व खालावले तरी अशीच लक्षणे दिसतात, हे आम्हाला तेव्हा कळले. घरच्यांनी 'नाही' म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला : अलीकडे ताप, जुलाब? दहा दिवसांपूर्वी जुलाबांमुळे त्याने रजा घेतली होती. मस्टरवरची ती नोंद आम्ही पाहिली होती. संबंध मात्र जोडला नव्हता.

डोळे थिजणे, तोल जाणे आणि शुद्ध मंदावणे अशा तीन रुग्णांचे वर्णन बिकरस्टाफ आणि क्लोक या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ साली केले. तेव्हा एमआरआय नव्हताच. आजही या आजारात तो बहुधा निर्दोष येतो. जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मस्तिष्कस्तंभावरच उलटतात, असे मानले जाते. रक्तात 'अँटी-जीक्यू१बी' प्रतिपिंडे सापडली तर निदानाला बळ येते, न सापडल्याने आजार नाकारता येत नाही. म्हणून इतर कारणे वगळीत, घटनांचा क्रम ऐकत या निदानापर्यंत पोहोचावे लागते. डॉक्टरबाईंनी रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता इम्युनोग्लोब्युलिन सुरू केले.

तीन महिन्यांनी तो कामावर परतला. त्याच्याच अनुमतीने हे लिहीत आहोत. "त्या दिवशी मी पिऊन आलोय असं वाटलं ना तुम्हाला?" त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो.

मद्याची शंका डॉक्टरबाईंनाही आली होती. त्यांनी ती विचारून दूर केली. आम्ही ती मनात ठेवून त्याला रिक्षात बसवले. 'निदान' या शब्दाचा दुसरा अर्थ 'कमीत कमी' असा होतो, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या दिवशी आम्ही निदान विचारायला तरी हवे होते.