नाव, गाव आणि भाव

बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाणारा जुना रस्ता धरला, की रामनगरच्या खडकाळ टेकड्या मागे पडतात आणि थोड्याच वेळात चन्नपट्टण लागते. अंतर सुमारे ६० किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी खेळण्यांची दुकाने आणि पायऱ्यांवर मांडलेले डुलते घोडे हे दृश्य कर्नाटकात प्रवास केलेल्या पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. मोटारी थांबत, मुले हट्ट धरीत आणि आईबाप घासाघीस करून का होईना, एखादी आगगाडी किंवा भोवरा घेऊन पुढे जात. १२ मार्च २०२३ रोजी नव्या द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. हा मार्ग गावाला वळसा घालून जातो. प्रवाशांचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले; परंतु जे गिऱ्हाईक केवळ वाटेत गाव लागते म्हणून थांबत असे, ते आता गाव न पाहताच म्हैसूरला पोहोचते. रस्त्यावरचा बाजार असा ओसरल्यावर चन्नपट्टणच्या लोकांनी मोबाईलच्या पडद्यावरच्या बाजाराकडे अधिक आशेने पाहावे, हे स्वाभाविक होते.

ही खेळणी कशी घडतात ते एकदा तरी पाहण्यासारखे आहे. लाकूड ज्या झाडाचे, त्याला कन्नडमध्ये ‘आले मर’ म्हणतात. आपल्याकडे त्याचे नाव काळा कुडा. नाव काळा असले तरी लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे, मऊ व बारीक पोताचे असते. ते वाळवून लेथवर चढवितात आणि गरगर फिरत असतानाच पटाशीने त्याला आकार देतात. मग रंग कालवलेली लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. शेवटी केवड्याच्या जातीचे वाळलेले पान त्यावर दाबून फिरविले, की अशी झिलई चढते की पाहणाऱ्याला वाटावे, आत्ताच कोणी तेल लावून पुसले आहे. हळदीचा पिवळा, निळीचा निळा, कुंकवाचा तांबडा असे रंग अजूनही वापरले जातात. सावंतवाडीच्या चितार आळीतून रुखवतासाठी लाकडी फळे आणि चिमुकली भातुकली आणणाऱ्या आपल्या घरांना या वस्तूंची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणवून ही कला येथे रुजविली अशी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बावास मियाँ यांनी तिला जपानी पद्धतीची जोड दिली, असे सांगतात. २००५-०६ च्या सुमारास या खेळण्यांना भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, म्हणजे ‘चन्नपट्टण’ हे नाव दुसऱ्या गावच्या मालावर लावण्यास कायद्याने बंदी आली.

योगायोग असा, की ज्या पडद्यावरच्या बाजाराकडे हे गाव आता वळले आहे, त्याचे भारतातील माहेरही येथून ६० किलोमीटरवरच आहे. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली बेंगळुरूत निघाली ती पुस्तके विकण्यासाठी. २०१० मध्ये वस्तू हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय तिने सुरू केली, आणि अनोळखी दुकानाला आधी पैसे द्यावयास कचरणारी आपली मध्यमवर्गीय घरे त्या बाजारात शिरली. जून २०१३ मध्ये अमेझॉनने भारतात आपली पेठ मांडली. पुढे दोघांनीही हस्तकारागिरांसाठी स्वतंत्र दालने काढली. एकाचे नाव ‘समर्थ’, दुसऱ्याचे ‘कारीगर’. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयानेही ‘इंडिया हँडमेड’ नावाचे स्वतःचे दुकान उघडले. तेव्हा चन्नपट्टणच्या कारागिराला दारे नाहीत, अशी तक्रार आज कोणी करू नये. दारे पुष्कळ आहेत. आत गेल्यावर तो कोण म्हणून ओळखला जातो, एवढाच प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाशी माझा संबंध माझ्या व्यवसायामुळे आला.

माझा व्यवसाय भाषांतराचा. इंग्रजी व हिंदी मजकूर मराठीत आणणे आणि दुसऱ्यांनी आणलेला तपासणे, यात माझा दिवस जातो. माझ्या परिचयाची एक कन्नड भगिनी चन्नपट्टणच्या काही कारागिरांचा माल ऑनलाइन मांडून देते. तिने एकदा विचारले, “अक्का, महाराष्ट्रातून मागणी येते आहे. खेळण्यांचे वर्णन मराठीत करून द्याल का?” मी आनंदाने होकार दिला. खुळखुळा, भोवरा, बाहुली यांचे भाषांतर ते काय करावयाचे, असे वाटले होते. पण समोर आला तो रकान्यांचा एक लांबलचक तक्ता. ब्रँड, मॉडेल क्रमांक, साहित्य, रंग, लांबी, रुंदी, उंची, वजन, मूळ देश. यांतला शेवटचा रकाना जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांमुळे आवश्यक झाला आणि तो योग्यच आहे. आयात केलेली नक्कल ओळखण्यास ग्राहकाला त्याची मदत होते. परंतु ‘मूळ देश : भारत’ एवढ्याने चन्नपट्टणच्या लेथवरचा घोडा आणि कुठल्याशा कारखान्यातील साच्याचा घोडा एकाच पंक्तीला बसतात. देशाला रकाना होता. गावाला नव्हता. घडविणाऱ्याला तर नव्हताच.

‘ब्रँड’च्या रकान्यापाशी मी सर्वांत जास्त अडखळले. ज्या मालाला छापील नाव नाही त्याच्यासाठी तेथे ‘जेनेरिक’ हा शब्द योजलेला असतो. औषधांच्या बाबतीत आपण त्या शब्दाला सरावलो आहोत. खेळण्याच्या बाबतीत त्याचे मराठी काय करावे? ‘सर्वसामान्य’ म्हणावे, तर ते खोटे ठरते. ‘अनामिक’ म्हणावे, तर ज्यांनी ती वस्तू केली ते गृहस्थ माझ्यासमोर बसून चहा पीत होते.

साठीच्या घरातले हे कारागीर. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. त्यांची बोली दख्खनी, आणि तिच्यात मराठीचे इतके शब्द मिसळले आहेत की मला परक्यासारखे वाटलेच नाही. आपला ‘नको’ त्यांच्याकडे ‘नक्को’ होतो आणि आपला जोर देणारा ‘च’ जसाच्या तसा येतो. ‘जेनेरिक’च्या जागी तुमचेच नाव घालू या, असे मी सुचविले, तर ते हसून म्हणाले, “नक्को बाई, नाम-बिम नक्को. माल बिका तो बस.”

त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. आयुष्यभर त्यांनी माल दुकानदाराला दिला आणि पैसे घेतले. नावाने पोट भरल्याचा अनुभव त्यांना कधी आलाच नाही. मग त्या भगिनीने मोबाईल पुढे करून एक पान दाखविले. चाचांकडून ८० रुपयांना गेलेला खुळखुळा एका शहरी नावाखाली ३५० रुपयांना विकावयास होता. चाचांनी तो लगेच ओळखला. मुठीशी दिलेली खाच त्यांच्याच हाताची होती. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी ते चित्र पुन्हा जवळून पाहिले.

येथे त्या शहरी विक्रेत्याला एकदम लुटारू ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. उत्तम छायाचित्रे काढणे, पेटी बांधणे, परत आलेला माल सोसणे, हे सारे त्याने केलेले असते, आणि त्याला खर्च येतो. तो खर्च केवढा, हे मला एका साध्या हिशेबाने उमगले. पार्सलचे भाडे वजनावर घेतात, हे आपण जाणतो. परंतु हलक्या व मोठ्या वस्तूंसाठी वजन मापावरून काढण्याची रीत आहे. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणावयाची आणि बहुधा ५००० ने भागावयाचे; येईल तितके किलो धरावयाचे. ३० गुणिले २० गुणिले २० अशा पेटीतला डुलता घोडा प्रत्यक्षात किलोभराचाही नसतो, पण भाडे द्यावे लागते २.४ किलोचे. म्हणजे चाचा चक्क हवेचे भाडे भरतात! उलट, दांडीवर एकावर एक बसणारी रंगीत वळी लहानशा पेटीत निमूट मावतात. मराठीत मी त्या खेळण्याला ‘उतरंड’ म्हटले, आणि हा शब्द सुचल्याचा मला आजही आनंद आहे. पण त्याबरोबर असेही वाटते, की या गणितापायी उद्या चन्नपट्टणात उतरंडीच उतरंडी होतील आणि घोडे नाहीसे होतील. मुलांना काय आवडते, हे पेटीच्या मापाने ठरावयाचे काय?

दुसरी अडचण रंगाची. एका बाजारपेठेवरून पिवळ्या घोड्यांची एक जोडी परत आली. कारण लिहिले होते, ‘रंग चित्राप्रमाणे नाही.’ ग्राहक खोटे बोलत नव्हता. हळदीचा रंग या खेपेस एक छटा फिका उतरला होता. दुकानात समोरासमोर असता तर त्याच ग्राहकाने दोन्ही घोडे हातात घेऊन आपल्याला आवडेल तो निवडला असता. पडद्यावरच्या बाजारात मात्र चित्र हेच वचन असते, आणि चित्रासारखी न दिसणारी वस्तू सदोष ठरते. साच्यातल्या प्लास्टिकला हे वचन पाळणे सोपे. हाताला ते कठीण. परतीचे भाडे, मळलेली पेटी आणि गेलेले पंधरा दिवस यांचा भार अखेर कारागिरावरच पडला.

सरकारी नियमांचीही थोडी माहिती वाचकांना व्हावी, कारण घरबसल्या काही करून विकू इच्छिणाऱ्या भगिनींना ती उपयोगी पडेल. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा, ऑनलाइन बाजारपेठेतून वस्तू विकणाऱ्याने, उलाढाल कितीही लहान असो, करनोंदणी केलीच पाहिजे असा दंडक होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सवलत मिळाली, पण ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. बेंगळुरूच्या मुलाला घोडा पाठविणे त्यामुळे सोपे झाले. पुण्याच्या मुलाला पाठविणे तितके सोपे झाले नाही. खेळण्यांच्या दर्जाविषयीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, तेव्हा प्रयोगशाळेचा खर्च कारागिरांना कसा झेपणार, अशी भीती होती. परंतु हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून वगळण्यात आले. त्या नोंदणीचे जे पत्र मिळते त्याचे नाव ‘पहचान’. चाचांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवले आहे. सरकारदरबारी कारागीर म्हणून त्यांचे नाव आहे, छायाचित्र आहे. बाजारातच काय ते नाही.

आणि जुन्या काळी तरी ते होते काय? १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली. १९६४ साली येथे राज्याचे हस्तकला महामंडळ निघाले. महात्मा गांधी मार्गावरील त्याचे ‘कावेरी’ हे दालन बेंगळुरूला येणारा पाहुणा चुकवीत नसे. या संस्थांनी कित्येक कला जगविल्या, यात शंका नाही. पण तेथून आणलेल्या चंदनी हत्तीच्या तळाशी कोणा माणसाचे नाव होते असे मला आठवत नाही. तेव्हा दोष नव्या बाजाराने आणला, असे म्हणवत नाही. फरक एवढाच, की दालनाच्या भिंतीवर लिहिण्यास जागा नव्हती. येथे वर्णनाच्या रकान्यात थोडी जागा आहे आणि ती भरणे माझ्या हाती होते.

रंगाच्या रकान्यात ‘पिवळा’ याखेरीज पर्याय नव्हता, म्हणून तो तसाच ठेवला. वर्णनात मात्र लिहिले : ‘हळदीचा पिवळा. प्रत्येक नगाची छटा थोडी निराळी येईल.’ ही ओळ वाचून ज्याला वस्तू नको असेल तो ती मागवणारच नाही, आणि परतीचे भाडे वाचेल, असा त्या भगिनीचा व्यवहारी अंदाज. भाव तिने १८० ठेवला. त्यापुढे मी चाचांचे नाव लिहून ‘कातारी, चन्नपट्टण’ असे जोडले. ‘कातारी’ म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. लाकूड लेथवर धरून वस्तू घडविणाऱ्याला आमच्याकडे असे म्हणतात, असे मी सांगितले. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग जरा थांबून म्हणाले, “हमारी घरवाली का बी नाम डालो. पालिश का पूरा काम उनोच करते.”

तोवर केवड्याच्या पानाने झिलई कोण देते, हे विचारण्याचे कोणालाच सुचले नव्हते. चाची आतल्या खोलीत होत्या. नाव नीट कसे लिहावयाचे, हे विचारण्यास मी आत गेले, तेव्हा त्यांनी हात पुसत पुसत ते दोनदा सांगितले. परत येऊन पाहते तो दोन नावे आणि एक गाव त्या रकान्याच्या अक्षरमर्यादेत बसेना. मी ‘उत्कृष्ट’ आणि ‘आकर्षक’ हे दोन शब्द खोडले, आणि सर्व काही बसले.