माप चुकल्यावर

चाकणच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये जॉब मापाबाहेर गेला की तो लाल बिनमध्ये पडतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. टूल झिजलं होतं का? जॉब क्लॅम्पमध्ये नीट बसला नव्हता का? कूलंट कमी पडलं का? ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर मिळून कारण शोधतात. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेली, एकामागून एक पाच वेळा ‘का?’ विचारण्याची पद्धत आमच्या भागातल्या कंपन्यांत ‘व्हाय-व्हाय’ या नावाने रुळली आहे. आयटीआय करून कामाला लागलेला माणूसही ती फळ्यावर मांडून दाखवतो.

त्याच माणसाची मुलगी नववीत असते. तिचं विज्ञानाचं उत्तर चुकलं की वहीत लाल फुली पडते आणि वही मिटते. का चुकलं, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. भरलेला वर्ग, छोटा तास, डोक्यावर परीक्षा. प्रयोगवहीत तर चुकायलाही जागा नाही. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं फळ्यावरून उतरवलेलं. प्रयोग होण्याआधीच निरीक्षण लिहून तयार असतं.

हे अंतर मला फार टोचतं. बापाला ज्या शोधाचा पगार मिळतो, तो शोध लेकीला शाळेत करू दिला जात नाही. शाळा सुटल्यावर भरणाऱ्या प्रयोगवर्गांविषयी मला जी आस्था वाटते, ती म्हणूनच.

निगडीच्या बाजूला अशाच एका वर्गात मी संध्याकाळी मुलांबरोबर बसते. आठवी ते दहावीची मुलं. बऱ्याच जणांचे आईवडील बीड, लातूर, बुलढाण्याहून कामासाठी इकडे आलेले. साहित्य म्हणजे भोसरीच्या वर्कशॉपांतून आलेले नट, वॉशर, तारेचे तुकडे, जुनी बेअरिंगं. एकदा दोऱ्याला नट बांधून लंबक केला. लांबी पंचवीस सेंटिमीटर. जाऊन-येऊन एक झोका धरला तर दहा झोक्यांना साधारण दहा सेकंद लागतात. मग प्रश्न आला : वजन वाढवलं तर वेळ बदलेल का? नियम म्हणतो, नाही. एका गटाने पाच नट बांधले, आणि वेळ अर्ध्या सेकंदाहून जास्त वाढला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

‘ताई, नियमच चुकलाय,’ एकजण म्हणाला. मी काही सांगितलं नाही. थोडी वादावादी झाली. मग एका मुलीने लंबक डोळ्यांसमोर धरला. नट एकाखाली एक बांधले होते. त्यामुळे वजनाचा मध्य खाली उतरला होता. दोरा तेवढाच, पण लंबक लांब झाला होता. तिने पाचही नट जुडी करून पहिल्या नटाच्या उंचीवर बांधले. वेळ पुन्हा दहा सेकंदांवर आला.

पहिल्याच फेरीत दहा सेकंद आले असते तर मुलांना एक नियम पाठ झाला असता. चुकल्यामुळे त्यांना कळलं की लंबकाची लांबी गाठीपर्यंत मोजून भागत नाही, वजनाच्या मध्यापर्यंत मोजावी लागते. शिवाय तेरा-पंधराव्या वर्षी चारचौघांत चुकण्याची लाज सगळ्यात जास्त वाटते. त्या वयात आपल्या चुकीकडे कुतूहलाने पाहता येणं ही लहान गोष्ट नाही.

या कामाची एक वाट आमच्याच कारखान्यांतून निघालेली आहे. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली पदवी घेतलेले अरविंद गुप्ता इथे टेल्कोत इंजिनिअर होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब यांतून त्यांनी जोडणीचा खेळ उभा केला. ट्यूबच्या सांध्यांनी काड्यांचा चौकोन करा, बोट लावताच तो कलतो. त्रिकोण कलत नाही. हे हातांनी अनुभवलेलं मूल एमआयडीसीतल्या शेडचं छप्पर पाहतं तेव्हा तिथल्या ट्रसमधले त्रिकोण त्याला आपोआप दिसू लागतात. गुप्ता पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं हेच करत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चाकणच्या पूर्वेला पाबळ आहे. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी यांतून शिकायचं, आणि केलेलं काम गावाच्या खरोखर उपयोगी पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. गेट वाकडं झालं तर ते बसत नाही. निकाल तिथेच लागतो, आणि दुरुस्तीही करणाऱ्यालाच करावी लागते.

चिंचवडला ऑटो क्लस्टरशेजारी सायन्स पार्क आहे. मुलांनी तिथे जरूर जावं. पण तिथले प्रयोग नीट चालावेत म्हणून त्यांतल्या चुका आधीच कुणीतरी करून, निस्तरून ठेवल्या आहेत. मुलांना स्वतःच्या चुका करायला रोजची, जवळची, स्वस्त जागा हवी. आमच्या वर्गात नोंदी पेनाने होतात. चुकलेलं माप खोडायचं नाही. शेजारी कारण लिहायचं.

पालक विचारतात, ‘याने मार्क वाढतील का?’ तसं आश्वासन मी देत नाही. एवढंच सांगते की ही मुलं चार-पाच वर्षांत कुठल्या ना कुठल्या कामावर उभी राहतील. कुणी ब्रेकचे पार्ट तपासेल, कुणी हॉस्पिटलात रुग्णाचं औषध मोजेल. चूक लपवायची सवय लागलेला माणूस खराब पार्ट गुपचूप पुढे ढकलतो, आणि त्याची किंमत रस्त्यावरचा कुणीतरी अनोळखी माणूस मोजतो. ‘माझं माप चुकलंय, थांबा’ असं मोठ्याने म्हणायला धैर्य लागतं, आणि ते धैर्य पंधराव्या वर्षाच्या आत, मार्क कापले जाण्याची भीती नसलेल्या जागी कमवावं लागतं. प्राधिकरणातल्या बागांमध्ये संध्याकाळी बसणाऱ्या निवृत्त सेटर, फोरमन, क्वालिटीवाल्यांना माझी विनंती आहे : जवळच्या शाळेत एक खोली मागा, चार मुलं जमवा, आणि त्यांचं उत्तर चुकेपर्यंत बरोबर उत्तर सांगू नका.