कोड, ऊन आणि आपण

बावची हे नाव आमच्या वाचकांपैकी आयुर्वेदाशी थोडाफार परिचय असलेल्यांना ठाऊक असेल. संस्कृतात तिला बाकुची म्हणतात. तिचे काळपट, चपटे बी पांढऱ्या कोडावर शतकानुशतके वापरले गेले आहे. बी वाटून डागावर लावायचे आणि मग उन्हात बसायचे, अशी ती रीत. ऊन नसेल तर या औषधाचा उपयोग जवळजवळ नाहीच. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो, तेव्हा या औषधाच्या अर्ध्या भागाची तरी येथे कधी वाण पडत नाही!

आधुनिक वैद्यकाने हेच सूत्र निराळ्या वाटेने गाठले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1940 नंतरच्या दशकात कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वनस्पतीतून काढलेले सोरालेन जातीचे द्रव्य कोडाच्या रुग्णांना देऊन त्यांना उन्हात बसविले. बावचीतही त्याच कुळातील द्रव्य आहे. पुढे 1974 साली अमेरिकेत या द्रव्याला अतिनील दिव्यांची जोड मिळाली व ‘पुवा’ हे नाव रूढ झाले. द्रव्य त्वचेत उतरते आणि अंधारात स्वस्थ पडून राहते. 320 ते 400 नॅनोमीटरचे किरण पडले की पेशींमध्ये त्याचे कार्य सुरू होते. रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी शिल्लक असतो. तेथून रंग बाहेर सरकू लागतो आणि पांढऱ्या डागात तपकिरी ठिपके दिसू लागतात. चेहऱ्यावर बरा गुण येतो. बोटांची टोके आणि ओठ मात्र बहुधा दाद देत नाहीत. आता बऱ्याच ठिकाणी 311 नॅनोमीटरच्या किरणांचे दिवे वापरतात. त्यांना गोळी किंवा लेप लागत नाही.

हे सारे आम्हांस जाणून घ्यावे लागले ते हिंगणघाटकडील एका ओळखीच्या कुटुंबामुळे. मुलगी पदवीधर, चर्चच्या गायकवृंदातील. हनुवटीवर आणि बोटांवर डाग उमटले, तेव्हा आजीने बावचीचे तेल लावून तिला भर दुपारी अंगणात बसविले. तिसऱ्या दिवशी फोड आले. आजीची माया खोटी नव्हती आणि औषधही खोटे नव्हते. मात्रा चुकली होती. दवाखान्यात किरणांची मात्रा सेकंदांनी मोजून वाढवितात, गोळी घेतल्यावर डोळ्यांना गडद चष्मा लावायला सांगतात. वैशाखातल्या उन्हाला कोण मोजणार? शिवाय भाजलेल्या जागी नवे कोड उमटण्याचा धोका असतो, आणि या मुलीच्या बाबतीत तसेच झाले.

तरीही फोडांपेक्षा एका शब्दाने या घराला अधिक छळले. तो शब्द म्हणजे श्वेतकुष्ठ. कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. ते जंतूंमुळे होत नाही, स्पर्शाने पसरत नाही, आणि कुष्ठरोगाच्या चट्ट्याप्रमाणे त्या जागेची संवेदनाही जात नाही. हा भेद वर्धा जिल्ह्याला तरी सांगावा लागू नये. मनोहर दिवाण यांनी 1936 साली दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठपीडित परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केले. 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान याच वर्ध्यात उभे राहिले. ज्या भूमीने खऱ्या कुष्ठरोग्याला जवळ केले, तिथे एका निरोगी मुलीच्या पांढऱ्या हनुवटीला लोक बिचकतात, याचे नवल वाटते. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात तर कुष्ठरोग हे विवाहविच्छेदाचे कारण म्हणून 2019 पर्यंत टिकून होते.

पवित्र ग्रंथाचा आधार घेणारेही भेटतात. त्यांनी लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. याजकाने डाग तपासावा, सात दिवस थांबावे, मग निर्णय द्यावा, हे सर्वांना आठवते. परंतु त्याच अध्यायात, पुरुषाच्या वा स्त्रीच्या त्वचेवर नुसते फिकट पांढरे डाग असतील तर ती व्यक्ती शुद्धच होय, असाही निर्वाळा आहे. तो सहसा कोणी सांगत नाही. गणना पुस्तकातील मिर्यामची कथाही लक्षात घेण्यासारखी आहे. मोशेच्या कूशी, म्हणजे काळ्या वर्णाच्या पत्नीवरून तिने कुरबुर केली आणि तिचीच कांती बर्फासारखी पांढरी झाली.

रंगाचा हा हव्यास आमच्याही घरांत आहे. गोरे करण्याचा दावा करणारे प्रसिद्ध क्रीम 1975 साली बाजारात आले. 2020 साली त्याच्या नावातून गोरेपणा तेवढा गेला. महानगरांतील सौंदर्य दवाखान्यांत आता चेहऱ्यावर लेप लावून त्यावर लाल वा निळा प्रकाश सोडतात, त्वचा तजेलदार व्हावी म्हणून. सूत्र बावचीचेच. एकीला पैसे मोजून उजळ व्हायचे आहे, दुसरीला आपला सावळा रंग परत हवा आहे, आणि दोघींच्या उपचारांना लोक ‘सौंदर्योपचार’ हाच शब्द लावतात. आठवड्यातून दोनदा एस.टी.ने रुग्णालय गाठणाऱ्या, वर्षभर वडिलांची मजुरी बुडविणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा शब्द आम्हांस क्रूर वाटतो. तिच्या हनुवटीवर सातव्या महिन्यात ठिपके दिसू लागले. बोटे अजून पांढरीच आहेत.

मिस्सामध्ये शांतीची खूण आपण हात जोडून देतो. ही भारतीय रीत आम्हांस प्रिय आहे. पण हस्तांदोलनाची प्रथा असती तर तिच्या शेजारी कोण उभे राहिले असते, हा विचार मनातून जात नाही.

तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा, परिचयपत्रात कोडाचा उल्लेख करावा काय, असे वडिलांनी आम्हांस विचारले. आमचे उत्तर तयार होण्यापूर्वीच तिने तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून टाकला होता. दोन घरांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्या घराने विचारले, मुलांना होईल काय? डॉक्टरांकडून समजले तेच आम्ही कळविले: कोडाकडे थोडा आनुवंशिक कल असतो, परंतु कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना ते होत नाही. ते लोक पुढच्या रविवारी मिस्सानंतर भेटायला येणार आहेत.