रस आणि चोथा

आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दांचे अर्थ लावणे हीच आमची उपजीविका. तरीही घरातल्या एका खोक्यावरचे तीन शब्द आम्हांला नीट वाचता आले नाहीत, त्याची ही हकिगत.

अण्णा (आमच्यातल्या एकाचे वडील, दुसऱ्याचे सासरे) गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियातून उठून घरी आले. मधुमेह जुना, अंगात त्राण नाही. आजाऱ्याला रस द्यावा, हा संस्कार आमच्या हाडीमाशी खिळलेला. संत्र्याच्या रसाची खोकी आणली. त्यांवर ‘साखर घातलेली नाही’ असे ठळक छापले होते. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला सुरू झाला. त्याच स्वयंपाकघरात रात्री आमची लेक नूडल्स शिजवी, आणि तिला आमचे व्याख्यान ऐकावे लागे. बाराव्या दिवशी अण्णांची जेवणानंतरची साखर ३१२ निघाली. डॉक्टरांनी आहार विचारला. आम्ही अभिमानाने रस सांगितला. ते काही बोलले नाहीत. कागदावर तो शब्द लिहून त्यांनी त्यावर काट मारली.

त्या रात्री लेकीने खोके आणि पाकीट शेजारी ठेवून आम्हांला मागची बारीक अक्षरे वाचायला लावली. २०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात सुमारे ९० कॅलरी आणि १७ ग्रॅम साखर, म्हणजे चार चमचे. ती फळाचीच. ‘घातलेली नाही’ याचा अर्थ आम्ही ‘नाही’ असा लावला होता! विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर आम्ही तांबडी रेघ ओढली असती. रसातली साखर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेच्याच पंगतीला बसवली आहे. क जीवनसत्त्व मात्र रसात भरपूर, हे कबूल.

मग नूडल्स निर्दोष? मुळीच नाही. साध्या शिजवलेल्या १०० ग्रॅम नूडल्समध्ये सुमारे १४० कॅलरी, २५ ग्रॅम कर्बोदके, चार-साडेचार ग्रॅम प्रथिने. क जीवनसत्त्व नाहीच. त्या पिष्टाचीही पोटात साखरच होते. पाकिटातल्या नूडल्स बहुधा तळून वाळवलेल्या, आणि दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायच्या मिठापैकी दोनेक ग्रॅम त्या एका वाडग्यात. लेकीला आम्ही बोलत होतो ते खोटे नव्हते; रसाला दिलेले मानपत्र खोटे होते.

ते आमच्या भाषेनेच दिले असावे. वर्गात आम्ही भरताचा रससिद्धान्त शिकवतो. रस म्हणजे सार. उरतो तो चोथा. निःसत्त्व कवितेला परीक्षणात आम्ही चोथा म्हटलेले आहे. फळातला तंतू, जो साखरेला रक्तात सावकाश उतरू देतो, तो बराचसा त्या चोथ्यातच राहतो. आणि नूडल्सऐवजी शेवया म्हटले असते, तर आमचा आवाज एवढा चढला असता काय?

अण्णा आता दुपारी एकच संत्रे सोलून खातात. फोडींवरचे पांढरे धागे काढू लागले की लेक म्हणते, “आजोबा, राहू द्या ते.” तिच्या नूडल्समध्ये मसाल्याची पुडी अर्धीच पडते. अण्णांची साखर अजून ताब्यात आलेली नाही. न उघडलेली तीन खोकी फडताळात आहेत. परवा एका सहकाऱ्याला भेटायला रुग्णालयात निघालो, तेव्हा हात आपोआप तिकडेच गेला.