शाळेचा ऋतुसंधि

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या छत्रपति संभाजीनगरांत घरोघरचें घड्याळ हळूहळू आपला अधिकार गमावूं लागतें. पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतो, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि एरवीं सातच्या आंत स्नान उरकून तयार असणारें घर साडेआठला चहाच्या आधणाची वाट पाहत बसतें. आमरसाचें जेवण दोनला, त्यावर पंख्याखालीं दोन तासांची झोंप, रात्रीचें जेवण दहाला, आणि गच्चीवर अंथरुणें पडतात तेव्हां बारा वाजून गेलेले असतात. ह्यांत वावगें असें कांहीं नाहीं. ग्रीष्मांत रात्र लहान असते, म्हणून ह्या ऋतूंत दुपारची झोंप आयुर्वेदानेंही मान्य केली आहे. अडचण सुटी लागण्याची नसते. ती असते सुटी संपण्याची. जूनच्या मध्यास शाळा उघडते, आणि दीड महिन्यांत जें सैल झालें तें एका रात्रींत आवळण्याचा उद्योग आपण सारे मोठ्या उत्साहानें करतों.

आम्हींही तो वर्षानुवर्षें केला. गेल्या वर्षीं मात्र त्याचें फळ पदरांत पडलें. आमची नात सहावींत गेली होती. शाळा सकाळीं सातची. आदल्या दिवशीं पुस्तकांना कव्हरें घातलीं, दप्तर भरलें, आणि घरांत फर्मान निघालें, 'उद्यांपासून साडेपांचला उठायचें.' साडेनऊला तिला अंथरुणावर धाडून दिवा मालवला, आणि आम्ही वडील मंडळी बाहेरच्या खोलींत क्रिकेटचा सामना पाहत बसलों. त्यांतच ती नळाची रात्र होती. आमच्या शहरास पाणी जायकवाडीच्या धरणांतून येतें, आणि कित्येक वसाहतींत तें वर्षानुवर्षें कांहीं दिवसांच्या अंतरानें, पुष्कळदां अपरात्रीं, येत आलें आहे. एकच्या सुमारास नळ आला, मोटार सुरू झाली, बादल्या वाजूं लागल्या. सारें घर जागें झालें. सकाळीं पोर उठेना. सूनबाईंनीं तीन हांका मारल्या. चौथी आम्हीं मारली, आणि तींत 'आळशी' हा शब्द घातला. मुलीनें दूध नको म्हटलें, धपाट्याचा एक घास कसाबसा घेतला, आणि रडवेल्या तोंडानें ती निघून गेली.

साडेसातला शाळेंतून निरोप आला कीं, प्रार्थनेच्या वेळीं तिला भोंवळ आली आहे, घेऊन जावें. डॉक्टरांनीं तपासलें आणि सांगितलें कीं, दुखणें कांहीं नाहीं. रिकामें पोट आणि अपुरी झोंप, एवढेंच. घरीं परततांना ती आम्हांस म्हणाली, "आबा, तुम्हीं मला झोंपायला सांगितलंत, पण आपलं घर कुठं झोंपलं होतं?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सकाळचा तो शब्द परत घ्यावा असें फार वाटलें. परंतु उच्चारलेला शब्द परत कोठून यावयाचा?

त्या दुपारीं आम्हीं कपाटांतून वाग्भटाचें 'अष्टांगहृदय' काढलें. त्याच्या सूत्रस्थानांतील दिनचर्येचा अध्याय ब्राह्म मुहूर्तावर उठण्यापासून सुरू होतो, हें आम्हीं मुलांना शंभरदां ऐकविलें असेल. परंतु लागूनच ऋतुचर्येचा अध्याय आहे, आणि त्याच्या शेवटीं आचार्यांनीं एक मोठी शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून जो काळ होतो तो ऋतुसंधि. ह्या काळांत जुना आहारविहार क्रमाक्रमानें सोडावा आणि नवा क्रमाक्रमानेंच धरावा. एकाएकीं सोडल्यानें व एकाएकीं धरल्यानें शरीरास न मानवून विकार उत्पन्न होतात. दिनचर्येचा अध्याय आम्हांस तोंडपाठ होता. त्याच्या पुढचा अध्याय घरांतील मुलांसाठींही लिहिलेला आहे, हें मात्र आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

आधुनिक शास्त्रही ह्याच वाटेनें जातें. शरीराच्या पेशींत जें अहोरात्राचें घड्याळ चालतें त्याची रचना फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग ह्या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ हुकुमानें फिरत नाहीं; तें मुख्यतः प्रकाशाचें ऐकतें. सकाळचा उजेड झोंपेची वेळ अलीकडे ओढतो. रात्रींचा प्रखर दिवा आणि डोळ्यांपुढचा मोबाइल तीच वेळ पुढें ढकलतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें. म्हणजे आमच्या नातीस साडेपांचला उठवावयाचें तर साडेआठला तिचा डोळा लागला पाहिजे. इतका साधा हिशेब आमच्या सुशिक्षित घरांतील एकाही वडील माणसानें मांडला नव्हता.

यंदा आम्हीं तो मांडला. सात दिवस अलीकडचे आणि सात पलीकडचे, हा वाग्भटाचा क्रम. परंतु आमच्या घराची घसरण तीन तासांची असल्यामुळें आम्हीं एक जूनलाच आरंभ केला. उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटें अलीकडे आणावयाची. साडेआठवरून साडेपांचवर येण्यास बारा दिवस लागतात. दोन दिवस चुकण्यासाठीं राखून ठेविले.

पहिला पालट सकाळचा. उठल्याबरोबर नातीस गच्चीवर नेऊन तुळशीला पाणी घालावयास लावलें, म्हणजे तोंड धुण्याआधींच डोळ्यांवर उजेड पडे. जूनमध्यें आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तो ह्या कामीं आपण होऊन मदत करतो. जानेवारींत तसें नाहीं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि आपलें शहर सुमारें सव्वापंचाहत्तर अंशांवर. त्यामुळें सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या अर्धा तास मागें असतो, आणि ऐन थंडींत तो सात वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हां सातच्या शाळेचें मूल अंधारांतच घराबाहेर पडतें. म्हणून जी संवय लावावयाची ती जूनमध्येंच लागली पाहिजे.

दुसरा पालट जेवणाचा. हा सर्वांत कठीण. दहाचें जेवण साडेसातवर आणावयाचें, आणि सूनबाई नोकरीवरून घरीं येतात सात वाजतां. आजवर 'मुलांना लवकर जेवूं घालीत जा' असा उपदेश आम्हीं पुष्कळ केला. पण तो अंमलांत आणावयाचा म्हणजे कोणीं, हें विचारलें नव्हतें. यंदा भाजी चिरणें आणि कुकर लावणें आमच्याकडे आलें, कणीक भिजविणें मुलाकडे. घराची शिस्त बहुधा एकाच बाईच्या पाठीवर उभी असते, हें आम्हांस ह्या वयांत कळलें. दुपारची झोंप अर्ध्या तासावर आणली. सकाळची भूकही सरावानेंच येते. पहिले दिवस मेतकूट-मऊभाताचे दोन घास, मग पुढें अर्धें धपाटें.

तिसरा पालट दिव्यांचा. आठ वाजतां सर्वांचे मोबाइल बाहेरच्या फडताळांत ठेवावयाचे. सर्वांचे म्हणजे आजोबांचाही. पहिल्या रात्रीं सर्वांत अस्वस्थ कोण होतें, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. आणि नळाच्या रात्रीसाठीं पाळी ठरविली. बादल्या आधींच हौदापाशीं मांडून ठेवावयाच्या, एकानेंच उठावयाचें, आणि नातीचें अंथरूण त्या रात्रीं पुढच्या खोलींत घालावयाचें.

सरकारनेंही ह्या प्रश्नांत लक्ष घातलें आहे. २०२३ च्या डिसेंबरांत तेव्हांचे राज्यपाल रमेश बैस ह्यांनीं मुलांच्या झोंपेसाठीं शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळीं नऊ वाजतां किंवा त्यानंतर भरविण्याविषयीं शासननिर्णय निघाला. परदेशांत तर मोठ्या मुलांचाही विचार झाला आहे, कारण वयांत येतांना हें आंतलें घड्याळ निसर्गतःच उशिरां चालूं लागतें. नववीचा मुलगा अकरापर्यंत जागतो तो सर्वस्वी खोडकरपणानें नव्हे. कॅलिफोर्नियानें २०१९ सालीं कायदा केला, आणि २०२२ पासून तेथील बहुतेक सार्वजनिक माध्यमिक शाळा साडेआठच्या आधीं भरत नाहींत. ह्या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु आमची नात चौथीच्या पुढची, आणि कॅलिफोर्निया फार दूर. शिवाय कायदा शाळेची घंटा पुढें नेऊं शकेल. आमच्या बाहेरच्या खोलींतील दिवा तो मालवूं शकणार नाहीं.

सारें यथासांग पार पडलें असें नाहीं. दहाव्या दिवशीं नात्यांतलें लग्न निघालें आणि घरीं येईपर्यंत साडेअकरा झाले. दुसऱ्या दिवशीं मुलीस अर्धा तास अधिक झोंपूं दिलें आणि तेथूनच पुढें चालू लागलों. राखून ठेविलेले दोन दिवस कामीं आले. शाळेच्या पहिल्या दिवशीं ती एका हांकेंत उठली नाहीं, दोन लागल्या. अर्धें धपाटें खाल्लें, उरलेलें डब्यांत घातलें. दारांतून निघतांना मागें वळून तिनें विचारलें, "आबा, आज मी आळशी नाहीं ना?"

वर्षभर तो शब्द तिनें जपून ठेविला होता. आम्हीं म्हटलें, "नाहीं, बाळ. तूं तेव्हांही नव्हतीस."

शाळा उघडली म्हणून संधि संपला, असें मात्र नव्हे. पलीकडचे सात दिवस अद्याप उरलेले असतात, आणि आळस बहुधा त्यांतच परत शिरतो. आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, पुढच्या वर्षाचें कॅलेंडर भिंतीवर लावाल तेव्हां एक जूनच्या चौकटींत एक खूण करावी. खूण मुलांसाठीं नव्हे. ती घरांतील वडील मंडळींसाठीं.